न पाहिलेल्या मालिकांची आठवण

'चिमणराव' आपण पाहिला आहे, याविषयी आम्हां फोंडाघाटकरांच्या मनात कधी शंका नव्हती. गेल्या मे महिन्यात आम्ही सात-आठ जुने वर्गमित्र फोंड्याच्या बाजारपेठेतील एका घराच्या ओटीवर जमलो असता जुन्या दूरचित्रवाणीचा विषय निघाला. अशा बैठकीत तो निघतोच. दिलीप प्रभावळकरांचा तो चिरका, केविलवाणा आवाज एकाने काढून दाखवला, दुसऱ्याने बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ उभा केला. मग सर्वांनी मिळून एक प्रसंग आठवला. धो धो पाऊस, घाटात रुतलेली एस. टी., खाली उतरून गाडी ढकलणारा गुंड्याभाऊ आणि छत्री सावरत त्याला सूचना देणारा चिमणराव. हा प्रसंग आम्हां प्रत्येकाला जसाच्या तसा आठवत होता. छत्री उलटी झाल्याचेही आठवत होते.

आमच्यातील एकजण महाविद्यालयात इतिहास शिकवतो. सनावळ्या विचारण्याची त्याला व्यावसायिक खोड आहे. त्याने सहज विचारले, "हे आपण कधी पाहिले? आणि कुठे?" ओटीवर काही काळ शांतता पसरली. 'चिमणराव' ही मालिका मुंबई दूरदर्शनवर १९७७ ते १९७९ या काळात झाली. तेव्हा आम्ही सात ते नऊ वर्षांचे होतो आणि फोंडाघाट सिंधुदुर्ग जिल्ह्यातही नव्हते, कारण तो जिल्हाच १ मे १९८१ रोजी जन्माला आला. त्या काळी आमच्या गावात दूरचित्रवाणीचा एकही संच नव्हता; असता तरी त्यावर मुंग्यांखेरीज काही दिसले नसते. लहानपणी मुंबईस गेलेला आमच्यात एकच निघाला, आणि तोही टायफॉइडने आजारी असल्याने नेला गेला होता. मग आम्ही काय पाहिले?

प्रस्तुत लेख या फजितीतून जन्मला आहे.

दूरदर्शनविषयीचे स्मरणरंजन हा मराठीत गेली वीस-पंचवीस वर्षे रूढ झालेला लेखनप्रकार आहे. रविवारच्या पुरवण्या, दिवाळी अंक, वर्धापनदिनाचे विशेषांक यांतून तो नियमितपणे भेटतो. त्याचे व्याकरण ठरलेले आहे. आरंभी कृष्णधवल संच, त्याची लाकडी सरकती दारे, शेजाऱ्यांची गर्दी. मग 'गजरा', 'किलबिल', 'संताकुकडी', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं', आकाशानंदांचा 'ज्ञानदीप', गुरुवारचे 'छायागीत', तबस्सुम यांचा हसरा चेहरा, प्रदीप भिडे यांचा बातम्यांतील स्वच्छ, भारदस्त आवाज. आणि अखेरीस एक उसासा. या लेखनाचा कर्ता नेहमी 'आपण सगळे' असतो. आपण सगळे त्या काळी अमुक पाहत होतो, आपल्या सगळ्यांचे बालपण त्याने घडवले. आम्हीही हे लेख आवडीने वाचत आलो आणि 'आपण सगळे'मध्ये स्वतःला निमूटपणे मोजत आलो. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांनी तरी हा सर्वनामाचा व्यवहार तपासून पाहावा, असे आता वाटते.

वस्तुस्थिती अशी आहे. दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले (त्या आरंभकाळात पु. ल. देशपांडे तेथे निर्माते म्हणून होते, हे मराठी वाचकाला ठाऊक असतेच). मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, वरळीचा सुमारे तीनशे मीटर उंचीचा मनोरा उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरील सहक्षेपणामुळे पुण्यासही मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. मराठी दूरचित्रवाणीचे पहिले दशक ते एवढे. दूरचित्रवाणीच्या लहरी सरळ रेषेत जातात, डोंगर ओलांडून वळत नाहीत. मनोरा कितीही उंच असो, शंभर-सव्वाशे किलोमीटरांपलीकडे त्याची मात्रा चालत नाही. फोंडाघाट मुंबईपासून चारशे किलोमीटरांहून दूर, आणि त्यातही सह्याद्रीच्या अगदी पायथ्याशी. देवगडहून येणारा रस्ता आमच्या बाजारपेठेतून घाट चढून दाजीपूर-राधानगरीमार्गे कोल्हापूरकडे जातो. या गावाचे सारे महत्त्व त्या रस्त्यामुळे आहे. घाटावरचा गूळ खाली यायचा, किनाऱ्यावरचा माल वर जायचा. गावाला घाटाने पोसले, पण आकाशातून येणाऱ्या वस्तूंच्या वाटेत तोच आडवा उभा राहिला. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा जो मोठा प्रयोग झाला, त्यासाठी सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे खेडी निवडली गेली होती. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता.

आमच्या वाट्याला आकाशवाणी होती. १९७७ मध्ये रत्नागिरी केंद्र सुरू झाल्यावर तर ती आपल्या अंगणात आल्यासारखे वाटले. १९८३ चा विश्वचषकाचा अंतिम सामनाही आम्ही कानांनीच जिंकला.

आणि आमच्याकडे मुंबईची वर्तमानपत्रे येत. ती शिळी असत, पण त्यांत दूरदर्शनच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक छापलेले असे. ते वाचण्याचा आम्हांला छंद होता. जे दिसणार नाही त्याचे वेळापत्रक, आणि तेही काल होऊन गेलेल्या कार्यक्रमांचे, इतक्या निष्ठेने वाचणारी पिढी दुसरी झाली नसावी. 'संताकुकडी' म्हणजे काय असेल यावर आमच्यात दोन तट होते. अनेक कार्यक्रमांची नावे आम्हांला आजही वारांसकट पाठ आहेत ती या वाचनामुळे. परंतु नाव पाठ असणे निराळे आणि छत्री उलटी झालेली पाहणे निराळे. ती छत्री कोठून आली?

त्याचे उत्तर रस्त्यावर सापडते. कोकणात त्या काळी मुंबईची प्रत्येक गोष्ट चाकरमान्यांच्या पायांनी येत असे. परळ, लालबाग, गिरगाव येथे गिरण्यांत, गोदीत, छापखान्यांत राबणारी माणसे मे महिन्यात आणि चवथीला, म्हणजे गणपतीला, एस. टी.ने कणकवलीपर्यंत रात्रभर उभी-आडवी होत घरी येत. त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचे पुडे, मुलांसाठी शिवलेले कपडे, साबणाच्या वड्या असत आणि तोंडात गजाली असत. यांपैकी मालिका कोणी आणल्या, हे आम्ही त्या दिवशी ओटीवर बसून शोधत गेलो, तेव्हा प्रत्येकाच्या घरातून एकेक नाव बाहेर पडले. कुणाची काकी, कुणाचा थोरला चुलतभाऊ, आणि आमच्या वाडीपुरते बोलायचे तर आते. त्यांपैकी फार थोड्यांच्या खोलीत स्वतःचा संच होता. चाळीत एखाद्याच्या घरी तो असे आणि संध्याकाळी दारापासून गॅलरीपर्यंत माणसे दाटून बसत. आते त्या गर्दीत उंबरठ्यावर बसून 'चिमणराव' पाहत असे आणि मे महिन्यात फोंड्याच्या खळ्यात, जेवणे आटोपल्यावर, कंदिलाच्या उजेडात तो आम्हांला सांगत असे.

'सांगत असे' हे क्रियापद अपुरे आहे. ती चिमणराव होत असे, मग पदर खोचून गुंड्याभाऊ होत असे, काऊचे बोलणे निराळ्या आवाजात काढत असे. खळ्याच्या पेळेवर बसून आम्ही हसून लोळत असू. एका रात्रीत तीन-चार भाग होत. पुढल्या वर्षी पुन्हा तेच भाग होत, पण थोडे वेगळे. आम्ही चुका काढल्या तर ती म्हणे, त्यांनी तो भाग पुन्हा दाखवला तेव्हा असाच दाखवला. मूळ चिमणराव हे चि. वि. जोशी यांचे मानसपुत्र; बडोद्यातील पालीच्या या प्राध्यापकाने निर्मिलेले पुणेरी मध्यमवर्गीय गृहस्थ. ते छापील पुस्तकातून वरळीच्या स्टुडिओत, स्टुडिओतून चाळीतल्या पडद्यावर, पडद्यावरून गिरणीकामगाराच्या बायकोच्या तोंडी आणि तेथून मालवणीत असा प्रवास करून आमच्यापर्यंत पोहोचले. आमच्या आठवणीतला चिमणराव कधी कधी 'काय ता' असे म्हणतो, याचे आम्हांला आजवर नवल वाटले नव्हते.

साहित्याच्या अभ्यासकांना या व्यवहारात अपरिचित असे काही नाही. आमच्याच जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी येथे ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा जपली आहे. एकामागून एक चित्रे समोर धरायची आणि प्रत्येक चित्राची कथा वाद्यांच्या साथीने गाऊन-बोलून सांगायची, असा तो खेळ. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्याही तेथेच. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातील पुष्कळांना पिंगुळीचे नाव प्रथम कळले. आतेजवळ पोथी नव्हती की चित्रे नव्हती. ती चित्रे मुंबईस राहिली होती. तिने फक्त निवेदन आणले होते, आणि चित्रे आमची आम्ही काढली.

१९८२ साल आले. दूरदर्शनच्या इतिहासात हे सोन्याच्या अक्षरांनी लिहितात. १५ ऑगस्टला राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, नोव्हेंबरमध्ये दिल्लीत आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या, बाजारात रंगीत संचांची झुंबड उडाली. आमच्या घरांच्या इतिहासात त्या सालाची तारीख दुसरी आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतील कित्येक परत कधीच साच्यावर उभे राहिले नाहीत. त्या वर्षी चाकरमानी मे महिन्याआधीच आले, आणि जूनमध्ये परतले नाहीत. ट्रंका रिकाम्या होत्या. आतेच्या खोलीत त्या दिवाळीला संच घ्यायचे ठरले होते, हे आम्हांला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या मे महिन्यात खळ्यात 'चिमणराव' झाला नाही. कुणी मागितलाही नाही. मुलांना सांगितल्यावाचून पुष्कळ गोष्टी कळतात. दूरदर्शनवर 'कामगार विश्व' नावाचा कार्यक्रम होता, तो त्या दिवसांत कोण पाहत होते आणि त्यात काय दाखवत होते, हा प्रश्न आम्हांला नंतर पडला.

आमच्याकडे प्रत्यक्ष दूरचित्रवाणी आली ती यानंतर, आणि ती मुंबईहून आलीच नाही. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह सोडला गेला आणि त्याच्या भरवशावर १९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचा धडाका लागला. काही महिने तर सरासरी दिवसाला एक या वेगाने ते उभे राहिले. लघुशक्ती म्हणजे शंभर वॉट. घरातल्या एका मोठ्या दिव्याएवढ्या शक्तीवर आसपासच्या पंधरा-वीस किलोमीटरांत चित्र पोहोचायचे. या प्रक्षेपकांपाशी स्टुडिओ नव्हता. उपग्रहावरून दिल्लीचे जे येईल ते खाली उतरवून पुढे फेकणे एवढेच त्यांचे काम. परिणाम असा झाला की चारशे किलोमीटरांवरच्या मुंबईचे मराठी आम्हांला दिसण्यापूर्वी त्याच्या तिप्पट-चौपट अंतरावरच्या दिल्लीचे हिंदी दिसू लागले. आमच्या पिढीच्या पुणेकर-मुंबईकर मित्रांची पहिली आठवण मराठी आहे. आमची पहिली आठवण 'रुकावट के लिए खेद है' ही आहे. 'रुकावट' हा शब्द आम्ही त्या पाटीवरून शिकलो, आणि 'खेद' हा मराठीतही आहे याचे समाधान वाटून घेतले.

फोंड्यात पहिले संच आले तेव्हा चित्र पकडणे ही एक स्वतंत्र विद्या होती. पोफळीचे लांब सोट उभे करून त्यांच्या टोकाला अँटेना बांधत. कुणाची गोव्याच्या दिशेला तोंड करून, कुणाची समुद्राकडे, आणि एका गृहस्थांची तर थेट घाटाकडे, कारण लहरी कड्यावर आपटून परत येतात असा त्यांचा सिद्धान्त होता. तो सिद्धान्त अगदीच चुकीचा नव्हता, हे पुढे पदार्थविज्ञान शिकताना कळले. एकजण सोट फिरवी, एकजण खिडकीत उभा राहून आतल्यांचा निरोप बाहेर देई. "इला, इला... गेला!" पावसाळ्याचे चार महिने तर विजेचाच भरवसा नसे. पु. लं.च्या अंतू बर्व्याला विजेविषयी जे वाटले, त्याचा अर्थ आम्हांला बालभारतीहून अधिक या दिवसांनी शिकवला. अशा स्थितीत ७ जुलै १९८४ रोजी सुरू झालेल्या 'हम लोग'चे शेवटचे काही महिने, मग 'नुक्कड', 'विक्रम और बेताल', 'मालगुडी डेज' असे जे जे दिसले, ते तुकड्यातुकड्यांनी दिसले. मधले गळलेले भाग दुसऱ्या दिवशी शाळेच्या वाटेवर जुळवले जात. ज्याच्या घरी चित्र टिकले तो सांगे, बाकीचे ऐकत. आतेच्या शिकवणीचा येथे उपयोग झाला.

आता 'रामायण' आणि 'महाभारत' यांविषयी. यांवर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. पूर्णिमा मंकेकर यांनी दिल्लीतील कुटुंबांत बसून स्त्रिया या मालिका कशा पाहतात याचा अभ्यास केला, तो ग्रंथ १९९९ साली आला. अरविंद राजगोपाल यांनी २००१ च्या ग्रंथात 'रामायणा'च्या प्रक्षेपणाचा हिंदुत्वाच्या राजकारणाशी असलेला संबंध उलगडला. दोन्ही ग्रंथ महत्त्वाचे आहेत. ते वाचताना मात्र आम्हांला सारखे वाटत राहिले की यांतील प्रेक्षक दशावतार पाहून आलेला नाही.

२५ जानेवारी १९८७ रोजी रामानंद सागरांचे 'रामायण' सुरू झाले आणि ३१ जुलै १९८८ ला संपले. २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' झाले. रविवारी सकाळी फोंड्याची बाजारपेठ ओस पडे, हे जसे सर्वत्र घडले तसेच येथेही. संचाला हार घालणारेही होते. पण पडद्यासमोर जी चर्चा चाले तिची भाषा भक्तीची कमी आणि समीक्षेची अधिक होती. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांत रात्र रात्र बसून पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर या मंडळींचे दहीकाले पाहिलेला हा प्रेक्षक होता. रंगपटात स्वतःच्या हाताने तोंड रंगवणारा, लेखी संहितेवाचून उभ्या उभ्या संवाद रचणारा, दिवसा शेतात राबून रात्री दुर्योधन होणारा नट त्याने हातभर अंतरावरून पाहिला होता. त्यामुळे दुर्योधनाने गदा कशी पेलली, द्रौपदीने सभेत प्रश्न किती ताकदीने विचारला, कर्णाचे उत्तर कुठे कमी पडले, यावर रविवारभर वाद चालत. आमच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ चित्रपटातल्यासारखे हवेत आदळणारे बाण पाहून दर वेळी मान फिरवीत. बोलण्यात हरले म्हणून बाण मारतात, असे त्यांचे म्हणणे. दशावतारात युद्ध आधी शब्दांचे होते. हत्यार नंतर उचलले जाते, आणि तेही नाचत.

भाषेचा मुद्दा याहून सूक्ष्म आहे. राही मासूम रझा यांनी 'महाभारता'साठी लिहिलेली संस्कृतप्रचुर हिंदी आम्हां मालवणी बोलणाऱ्या मुलांना अडली नाही, याचे पुष्कळांना आश्चर्य वाटते. त्याचे कारण पुन्हा दशावतारातच आहे. तेथे देव आणि राजे भरजरी, अलंकारिक प्रमाण मराठीत बोलतात आणि संकासुर मालवणीत बोलतो. देवाची भाषा आपल्या घरातली नसते, ती उंचावरची असते, आणि हसायचे असेल तेव्हाच आपली भाषा रंगमंचावर येते, ही वाटणी आम्ही लहानपणापासून गृहीत धरली होती. दिल्लीचे देव हिंदी बोलले काय आणि वालावलकरांचे देव मराठी बोलले काय, आमच्या दृष्टीने ती एकच उंची होती. पडद्यावर फक्त संकासुर नव्हता, आणि त्याची अनुपस्थिती आम्हांला खटकण्याऐवजी स्वाभाविक वाटली. ही गोष्ट आज विचार करता चांगली वाटत नाही.

याच सुमारास मच्छिंद्र कांबळी मराठी रंगभूमीवर मालवणी गाजवत होते. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले. गावच्या हौशी मंडळींनी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक बसवण्याची ती फजिती. तेथेही मालवणी हशाच्या स्वाधीन होती, पण निदान ती रंगमंचाच्या मध्यभागी उभी होती. दूरचित्रवाणीवर मालवणीला रोजच्या मालिकेत जागा मिळायला २०१६ साल उजाडावे लागले. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेल्या 'रात्रीस खेळ चाले'मध्ये माणसे मालवणीत घाबरली, भांडली, रडली. मालिकेच्या गुणवत्तेविषयी मतभेद असू शकतील. आमचेही आहेत. पण ती पाहताना आमच्यातील एकाची आई म्हणाली होती की हे लोक टीव्हीवर असून आपल्यासारखे बोलतात. ते 'असून' आम्ही विसरू शकत नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मुंबई केंद्राचे मराठी कार्यक्रम उपग्रहामार्गे राज्यातील इतर प्रक्षेपकांपर्यंत येऊ लागले आणि आम्हांला अखेर मराठी दूरदर्शन मिळाले. तोवर आम्ही महाविद्यालयात गेलो होतो. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरून राजदत्त यांनी केलेली 'गोट्या' आमच्या धाकट्या भावंडांची झाली, आमची नव्हे. १९९३ चे 'जंगल बुक' तर त्यांच्याही धाकट्यांचे. जपानी चित्रकारांचे ते जंगल, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान. पण फोंड्यातल्या मुलांनी ते सारे घाटमाथ्यावरच्या दाजीपूरच्या रानात नेऊन बसवले होते. गवे तेथे होतेच. मोगली तेथे नाही याचा पुरावा कुणाकडे नव्हता.

आता त्या उलट्या छत्रीकडे वळतो. आमच्या इतिहासकार मित्राने पुढचे काही आठवडे चिकाटीने शोध घेतला. चि. वि. जोशींची चिमणरावावरील जेवढी पुस्तके मिळाली तेवढी आम्ही वाटून वाचली. त्यांत घाटातली एस. टी. नाही. त्या पात्रांवरील चित्रपटातून ती आठवण आली असेल काय, हाही विचार करून पाहिला, पण त्या काळी तो चित्रपटही आमच्यातील कुणी पाहिलेला नव्हता. राहता राहिली मालिका. आणि येथे संशोधनाची वाट बंद होते. त्या काळी चित्रफिती महाग होत्या, एका कार्यक्रमावर दुसरा मुद्रित करण्याची रीत होती, आणि दूरदर्शनच्या आरंभीच्या वर्षांतले किती तरी अशा रीतीने पुसले गेले. मराठी दूरचित्रवाणीच्या पहिल्या दशकाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला बहुतांशी आठवणींवर विसंबावे लागते. नटांच्या आठवणी, निर्मात्यांच्या आठवणी, प्रेक्षकांच्या आठवणी. मूळ संहिता हरवलेल्या ग्रंथाची पाठचिकित्सा करावी तसेच हे काम आहे, आणि उपलब्ध हस्तलिखितांत आमची प्रत सर्वांत भ्रष्ट आहे, हे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती पाहणाऱ्याची प्रतच नव्हे. ऐकणाऱ्याची आहे, तीही पंचेचाळीस वर्षांनंतरची.

तरीही ती टाकून द्यावी असे वाटत नाही. 'आपण सगळे' म्हणताना मराठी दूरदर्शनचा जो इतिहास सांगितला जातो, त्यात वरळीचा मनोरा आहे, सिंहगड आहे. कणकवलीचा एस. टी. स्टँड नाही. गिरणगावातल्या चाळीचा उंबरठा नाही. ज्यांनी मालिका पाहिल्या त्यांच्याइतकीच ज्यांनी त्या ऐकल्या अशी माणसे त्या इतिहासात आहेत, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात तरी त्यांची संख्या काही कमी नसावी.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि २८ तारखेपासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले. पुढे मे महिन्यात चाकरमानी मिळेल त्या वाहनाने कोकणात परतले, गावोगावच्या शाळांत चौदा चौदा दिवस अलग राहिले, आणि वर्गाच्या खिडक्यांतून नातेवाइकांशी बोलले. त्यानंतरच्या दोन वर्षांत दूरदर्शनने देशभरातले बहुतेक सर्व जुने प्रक्षेपक कायमचे बंद केले. सोटांवरच्या अँटेना त्याच्या कितीतरी आधी उतरल्या होत्या. आता छपरावर थाळ्या आहेत आणि त्यांना घाट आडवा येत नाही.

आते आता फोंड्यासच असते. तिची नव्वदी जवळ आली आहे. ऐकू कमी येते, पण गजालीची हौस तशीच आहे. चौकशी करायची म्हणून आम्ही तिघे तिच्याकडे गेलो. थोडे अपराधी वाटत होते. इतक्या वर्षांनी तिची चोरी पकडायला आल्यासारखे.

"आते, चिमणरावाची गाडी घाटात रुतली, ती गोष्ट तुका आठवता?"

तिला आठवत होती. छत्रीसकट.

"ती तूच रचलेली मगो?"

तिने आमच्याकडे असे पाहिले, की चाळिशीत केलेल्या नकला नव्वदीत कुणी खोट्या ठरवू पाहतो आहे. "मी कित्याक रचान सांगू? ता टीव्हीरच होता," ती म्हणाली. आणि मग, आम्ही कधीच न ऐकलेला पुढचा भाग तिने सांगायला घेतला. गाडी कशीबशी निघाली, वर दाजीपूरला पोहोचली, आणि ऐन काळोखात रस्त्याच्या मधोमध गवा उभा होता.